कपाळाच्या उंचीची नाल

जानकीने ते भांडण ऐकलं तेव्हा ती कणगीच्या मागे लपलेली होती, कारण गुळाचा खडा तिने चोरून तोंडात टाकला होता. भांडण मात्र गुळाचं नव्हतं. तिरला गावातल्या घरी, अंगणात, तिचा बाप शालिग्राम आणि चुलता खंडोजी समोरासमोर उभे होते आणि दोघांच्या मुठीत एकाच दोरीची दोन टोकं होती. भावाभावांनी मिळून विहीर काढली होती. वरची दहा हात शालिग्रामने खणायची, खालची दहा खंडोजीने, अशी बोली. खंडोजी म्हणत होता, माझी दहा झाली. शालिग्राम म्हणत होता, आठच झाली.

"झाली कशी? दोरी सोडलीस कुठून तू? मातीच्या ढिगावर उभा राहून!"

"ढीग काय आभाळातून पडला? ह्याच विहिरीतला आहे."

"अरे, विहीर जमिनीत असते, ढिगात नसते. जमिनीवरून धर."

"तूच धर. तुला शाळेत घातलं आणि मला खड्ड्यात. मापं तुझी, घाम माझा."

मग दोघांनी दोरी आपापल्याकडे ओढली, ती तुटली, आणि शालिग्राम मागच्या पाण्याच्या घंगाळात बसला. जानकीला हसू फुटलं, गूळ घशात अडकला, आणि तिची चोरीही पकडली गेली. हसणारी ती एकटीच होती. त्या दिवसापासून सव्वीस वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. विहिरीला दोन बाजूंनी दोन रहाट लागले. पाणी एकच, पण पूर्वेकडून भरणारा पश्चिमेकडे बघत नसे. बाप बरोबर होता, हे सगळ्या तिरल्याला ठाऊक होतं. खंडोजीलाही असावं. पण खंडोजीच्या तेराव्याला पंगत बसली तेव्हा बापाच्या शेजारचं पान कुणी घेतलं नाही.

ही गोष्ट जानकीबाईला आयुष्यात दोनदा लख्ख आठवली. एकदा बाप गेला तेव्हा. दुसऱ्यांदा एकाहत्तराव्या वर्षी, गुडघाभर गाळात बसून. ती दुसरी वेळ इथे सांगायची आहे.

जानकीबाईचं सासर नालपुरा. धरमपुरीपासून दीड कोस, नर्मदेच्या अगदी काठावर अकरा घरांची वस्ती. ह्या घरांचे पूर्वज धारच्या पागेतल्या घोड्यांना नाल ठोकायला दक्षिणेतून आले. पागा गेली, घोडे गेले, मराठी तेवढी उरली, तीही अशी की मुलं "आजी, भूख लागली" म्हणतात आणि आजीला कळतं. घोडे गेले तरी एक रीत राहिली. दसऱ्याला बाकीचे लोक शस्त्रं पुजतात, नालपुऱ्यात हातोडा पुजतात. आणि ज्याची राखण करायची त्याला नाल ठोकतात: दाराला, होडीला, बैलगाडीच्या जोखडाला. नाल ठोकायची ती घरातल्या थोरल्या बाईच्या कपाळाच्या उंचीवर, कारण मग तिने पुढे होऊन नालेला कपाळ टेकवायचं असतं. वाकायचं नाही. नालेपुढे कुणी वाकत नाही, नाल आपल्या बरोबरीची, असं जुनी माणसं सांगत.

वस्तीच्या खाली काठावर झाडांची रांग होती. अर्जुन, करंज, जांभूळ, पाण्याकडच्या अंगाला वाळुंज. खाली कुठे मोठं धरण झालं तेव्हापासून श्रावण-भाद्रपदात पाणी मागे फुगून यायचं, झाडांच्या कमरेपर्यंत चढायचं आणि दसऱ्याच्या आत उतरायचं. झाडं होती म्हणून काठ होता, आणि काठ होता म्हणून वस्ती होती. एवढं सगळ्यांना समजत होतं. तरी दर साली चार-दोन झाडं तोडून लोक चुलीत घालत होतेच. समजणं वेगळं आणि सैपाक वेगळा.

मग वीरेंद्र आला. इंदूरच्या एका कंपनीचा माणूस, पांढरी गाडी, गळ्यात ओळखपत्र, तोंडात साखर. मारुतीच्या ओट्यावर बसून त्याने सांगितलं की झाडं हवेतला धूर पोटात घेतात. झाड जितकं जाड, तितका धूर जास्त. परमुलखातले कारखानेवाले धूर सोडतात, आणि जी झाडं तो गिळतात त्या झाडांच्या राखणदारांना पैसे देतात. ह्याला कार्बन म्हणायचं.

"म्हणजे पाप त्याचं, प्रायश्चित्त झाडांचं, आणि दक्षिणा आपल्याला," जानकीबाई म्हणाली.

वीरेंद्र हसला. "माताजी, बिलकुल सही पकडे हैं. पण दक्षिणा झाड वाढलं तरच. दरसाल मापायचं. पहिली पाच वर्षं अंदाजाने उचल मिळेल, मग तपासणी."

मापायला कोण? पुरुषांना वेळ नव्हता, म्हणजे ओट्यावर बसायला हवा होता. पोरासोरांवर भरवसा नव्हता. जानकीबाई विधवा, एक मुलगा, तो पीथमपूरला कारखान्यात आणि आठवड्याने घरी. घरात ती आणि सून सुमंगला. ती म्हणाली, मी मापते. आकडे लिहिता येतात का? येतात, बापाने शिकवलेत, शंभरपर्यंत. पुढचे? पुढे पुन्हा एकपासून मोजते आणि खडा ठेवते. अशी दोनशे अकरा झाडं तिच्या हाती आली. दोन खडे आणि वर अकरा.

शिकवणी अशी झाली. छातीइतक्या उंचीची एक काठी मिळाली. काठी झाडाशी जमिनीवर उभी करायची, आणि काठीचं टोक येईल तिथे खोडाभोवती फीत गुंडाळायची. त्या उंचीवर कंपनीच्या माणसांनी प्रत्येक झाडाला तांबड्या रंगाचं कडंही काढलं, म्हणजे जागा चुकायला नको, आणि फांदीला तारेने नंबरचा छोटा पत्रा बांधला. गाडी धरमपुरीच्या वळणाला लागते न लागते, तोच भगवंत फरशी घासायचा दगड घेऊन काठावर उतरला. भगवंत म्हणजे जानकीबाईच्या नवऱ्याचा पुतण्या आणि झाडं राखायला नुकत्याच झालेल्या समितीचा अध्यक्ष. तरुणपणी त्याने उदयनगरच्या जंगलात ठेकेदाराकडे चार वर्षं काढली होती, आणि तिथे ज्या झाडाला तांबडं कडं ते झाड दुसऱ्या दिवशी आडवं.

"हे लोक गोड बोलून खुणा करून गेले," तो म्हणाला. "उद्या कुऱ्हाडी येतील. घासा रे सगळं."

अख्खी वस्ती घासायला लागली. जानकीबाईनेही घासलं. तांबडं कडं म्हणजे मरण, एवढं तिलाही ठाऊक होतं. दोनशे अकरा कडी दोन दिवसांत गेली. आणि वीरेंद्र विचारेल तर काय सांगायचं? पाण्याने गेली सांगू. वीरेंद्रने विचारलंच नाही.

कडी घासल्यावर झाडं उघडी वाटायला लागली, म्हणून त्या दसऱ्याला प्रत्येक घराने काठावरच्या एकेका झाडाला नाल ठोकली. अकरा घरं, अकरा नाला. जानकीबाई ठेंगणी. तिच्या घरची नाल ठोकणारा पोरगा उंच होता, त्याने अंदाजाने जरा वर ठोकली, तर तिला टाचा उचलून कपाळ टेकवावं लागलं. झाडाच्या पायाशी तिने शेंदूर लावून एक गोटा ठेवला.

आणखी एक गोष्ट त्या पहिल्या वर्षाची. मापाचे कागद कंपनीने समुद्राकाठच्या कामातून उचलून आणले होते. तिकडे खाडीच्या चिखलात तिवरांची जंगलं असतात, तिथली माणसं अशीच झाडं राखतात आणि मापतात. कागदावर एक रकाना होता: गाळ किती चढला. त्याच्या शेजारी दुसरा: भरतीचं पाणी.

"हे काय लिहायचं, साहेब?"

"अरे वो समुद्र का है, माताजी. आपल्याकडे कुठे समुद्र? शून्य लिहा."

शून्य जानकीबाईला सगळ्यात छान काढता यायचं. गोल, गरगरीत, भाकरीसारखं. दरवर्षी दोनशे अकरा झाडांपुढे दोन-दोन शून्यं तिने मन लावून काढली. पाच वर्षं.

त्या पाच वर्षांत कुणी डहाळी तोडली नाही. दक्षिणेच्या पैशातून वस्तीला पाण्याची मोटर आली, शाळेच्या खोलीवर पत्रे आले, भगवंताच्या ओट्याला फरशी आली. फरशी कुठून आली ते कुणी विचारलं नाही. वर्ष बरं चाललं की माणसं बरीच असतात.

सहाव्या वर्षी ज्येष्ठात तपासणी आली. विद्युल्लता नावाची बाई, देवासच्या जुन्या कारभाऱ्यांच्या घरातली, पन्नाशीची, केस आखूड आणि मराठी लांबलचक. "आपण तसदी घेऊ नका, मी पाहते," असं म्हणत तिने उन्हात वीस झाडं मापली. काठी टेकव, फीत गुंडाळ, लिही. आणि तिचा चेहरा उतरत गेला. पाच वर्षांत झाडं वाढलीच नव्हती. काही तर बोटभर बारीक झाली होती.

"झाड बारीक कसं होईल?" तिने विचारलं. "एक तर आधीची मापं खोटी, नाहीतर जाड झाडं गेली आणि त्यांचे नंबरचे पत्रे बारीक झाडांना लागले. दिवाळीपर्यंत उत्तर द्या. तोवर पैसे थांबतील."

गाडी गेली, आणि नालपुरा जानकीबाईकडे वळला.

मारुतीच्या ओट्यावर बैठक झाली. बायका खाली, जानकीबाई त्यांच्यापासून चार हात लांब, कारण तिच्या जवळ कुणी बसलं नाही.

"काकू," भगवंत म्हणाला, "मापत कोण होतं?"

"मी."

"नंबरचे पत्रे कुणाच्या हातात होते?"

"माझ्या."

"मग जाड झाडं कुठे गेली?"

"तिथेच आहेत. जाऊन मिठी मार आणि बघ."

एक-दोघे हसले. भगवंताला ते मिरचीसारखं झोंबलं. "बुंधे गाळाखाली गेलेत, म्हणून तोंड चालतंय. लाकडं घेणाऱ्या वीटभट्टीवाल्याशी तुझं काय बोलणं झालं ते सांग. तुझ्या पोराने मोटरसायकल कशावर घेतली?"

"हप्त्यावर! तुझी फरशी कशावर आली रे, मुडद्या?"

झालं. तिथून पुढे एका वेळी सात माणसं बोलत होती. शेवटी ठरलं ते असं. काठी आणि फीत जानकीबाईकडून काढून घ्यायची. दिवाळीपर्यंत पैसा मोकळा झाला तर ठीक, नाही तर काठ वीटभट्टीवाल्याला द्यायचा. तो झाडं नेईल भट्टीला आणि खालचा गाळ नेईल विटांना. गाळ इतका झकास आहे म्हणतो, की असा गाळ अख्ख्या निमाडात नाही. भट्टीवाल्याने तर दुसऱ्याच आठवड्यात येऊन खुंट्याही ठोकल्या.

जानकीबाईला चोर म्हटलेलं लागलं. पण तिची झोप उडाली ती खुंट्या बघून. चोर म्हटलेली बाई मरते आणि लोक विसरतात. काठ गेला तर दोन पावसाळ्यांत मारुतीचा ओटा पाण्यात, आणि झाडं? दोनशे अकरा. दोन खडे आणि वर अकरा. तिने ती चुलीला दिली नव्हती, ती भट्टीला द्यायची?

तो पावसाळा वाईट गेला. हातपंपावर ती आली की बायका बादल्या दुप्पट करत, म्हणजे तिची पाळी यायला नको. मोटरच्या पाण्याचा पाइप तिच्या दारापर्यंत येऊन वाकडा झाला तो झाला. गौरीच्या जेवणाला दहा घरांतून एकही बोलावणं नाही. पैलतीरी नेणारा नावाडी म्हणाला, "जगा नहीं है, माय," आणि रिकामी होडी घेऊन गेला. घरात सुमंगला भांडी जरा जोरानेच ठेवायची.

"आत्याबाई, मी काही म्हणत नाही," ती म्हणायची, आणि मग तासभर म्हणायची. "लोक माझ्या पोरीला शाळेत चोरटीची नात म्हणतात. मी काही म्हणत नाही. पण कुणी सांगितला होता हा उद्योग? लोकांच्या सासवा जपमाळ ओढतात. आमच्या मात्र झाडांना मिठ्या मारतात."

"जपमाळेत मणी एकशे आठ," जानकीबाई म्हणाली. "माझ्या माळेत दोनशे अकरा. पुण्य जास्त."

"पुण्य दिसतंय हं. दारात चिखल टाकून गेलेत कुणीतरी, तो काढा आधी."

तिने तो काढला. गाळच होता, मऊ, चिकट, घमेलंभर. टाकणाऱ्याला लांब जावं लागलं नसणार, काठावर हवा तेवढा होता. ती तो फावड्याने उचलत होती आणि मनात काहीतरी टोचत होतं, पण नक्की काय ते हाती लागेना.

ते हाती लागलं दसऱ्याला.

पाणी यंदा लवकर उतरलं होतं. वस्ती काठावर गेली, हातोडा पुजला, आणि घरोघरच्या थोरल्या बायका आपापल्या नालेपाशी गेल्या. जानकीबाईला कुणी नको म्हटलं नाही, कारण नाल तिच्या घरची होती. ती झाडासमोर उभी राहिली. मग वाकली. मग आणखी वाकली. गुडघे कुरकुरले. शेवटी एक हात खोडावर टेकवून ती सरळ गाळात बसली, तेव्हा कुठे कपाळ नालेला लागलं.

तशीच बसून राहिली ती. आपण टाचा उचलल्या होत्या. पहिल्या वर्षी आपण टाचा उचलल्या होत्या! तिने आजूबाजूला बघितलं. दहा बायका दहा झाडांपुढे कमरेत दुमडलेल्या होत्या, आणि एकीलाही त्याचं काही वाटत नव्हतं. दरवर्षी आठ बोटं, दहा बोटं जास्त वाकायचं. एवढं कुणाच्या लक्षात येतं? कुणी विचारलंच तर म्हणायचं, रेवामाईपुढे वाकावंच लागतं. नालेपुढे न वाकणारा नालपुरा पाच वर्षांत दोन हातांचं कुबड काढून बसला होता.

नाल खाली आली नव्हती. जमीन वर आली होती. आणि काठी जमिनीवर उभी केली जात होती.

विहीर जमिनीत असते, ढिगात नसते. तिला बापाचा आवाज आला, आणि घंगाळात पडल्याचाही.

"भगवंता!" तिने बसल्या जागेवरून हाक मारली. "इकडे ये. मला उठव, नाहीतर तूच खाली बस."

भगवंत आपट्याची पानं वाटत होता. तो आला, उठवलं मात्र नाही.

"आपण ढिगावर उभं राहून मापतोय," ती म्हणाली. "ही नाल माझ्या कपाळावर होती. आता बघ कुठे आहे. गाळ चढला, काठी वर गेली, आणि झाड वर बारीकच असतं. नालेवरून मापा. झाड तेच आहे, जाड झालेलं आहे."

"झाड वाढतं, काकू. मग नाल वर जायला हवी. खाली कशी आली?"

"झाड शेंड्याला वाढतं, मेल्या! खोडातला खिळा जागचा हलत नाही. नालबंदाच्या पोटी जन्मून तुला हे मी सांगायचं?"

"मग गाळच चढला असेल, तर पाच वर्षं तूच मापत होतीस. तुला दिसला नाही?"

तिला नाहीच दिसला होता. तिने शेजारच्या पुजेतलं फावडं ओढलं आणि झाडाच्या पायाशी खणायला लागली. वस्ती गोल करून उभी राहिली. एकाहत्तर वर्षांची बाई खणते आहे, पदर चिखलात, श्वास भात्यासारखा, आणि पन्नास जण बघत आहेत. एकानेही फावडं मागितलं नाही. सुमंगला दोन पावलं पुढे झाली, मग इकडेतिकडे बघून थांबली. एक हात गेला. दीड हात. दोन हातांवर फावडं टणकन वाजलं. तिने हाताने गाळ बाजूला केला आणि गोटा वर काढला. शेंदूर अजून चिकटलेला होता.

मग मागून एक बाई म्हणाली, "चला, पोरं भुकेजली असतील," आणि घोळका पांगला. भगवंताने उरलेली पानं वाटली. जानकीबाईच्या हातावर एकही ठेवलं नाही. त्या दसऱ्याला तिला नालपुऱ्यात कुणी सोनं दिलं नाही.

पण त्याच रात्री सुमंगलेने न विचारता विद्युल्लताबाईंना फोन लावला आणि तो सासूच्या कानाला धरला. "बोला, मी काही म्हणत नाही," म्हणाली.

आठव्या दिवशी गाडी आली. विद्युल्लता, आणि सोबत वीरेंद्र, ह्या वेळी तोंडातली साखर विरघळलेला. अकराही नाला बघून झाल्या, अकरा ठिकाणी खड्डे घेऊन जुनी जमीन बघून झाली, आणि तिथून उंची धरून सगळी झाडं पुन्हा मापली; नाल असलेल्या झाडांना पुढे नालेच्या रेघेतच फीत लावायची ठरली. झाडं वाढली होती. चांगली वीत-वीत जाड झाली होती. विद्युल्लता खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली आणि मग तिने जुने कागद काढले.

"गाळाचा रकाना इथे आहे," ती हळू म्हणाली. "खाडीतल्या कामात हीच गोष्ट पहिली बघतात. इथे शून्य का?"

जानकीबाईने वीरेंद्रकडे बघितलं. वीरेंद्रने झाडाकडे बघितलं.

"आणि रंगाची कडी? ती असती तर प्रश्नच आला नसता."

आता भगवंताने झाडाकडे बघितलं. झाडांकडे इतक्या माणसांनी एका दिवसात कधी बघितलं नसेल.

विद्युल्लताबाईंनी जानकीबाईला बाजूला घेतलं. बाई सरळ होत्या, आणि सरळ माणूस वाईट बातमीही सरळच सांगतो. "जानकीबाई, चूक झाली हे कागदावर यायला हवं. कुणाची, हेही यायला हवं. शिकवणाऱ्याची लिहिली, तर ह्यांनी शिकवलेली सगळी गावं तपासावी लागतील. दोन वर्षं जातील, आणि तोवर कुठेच पैसे सुटणार नाहीत. मापणाऱ्याची लिहिली, तर आज दुरुस्त होते आणि दिवाळीआधी करार चालू. शून्यं तुमच्या हातची आहेत, तेव्हा ते खोटंही होणार नाही. पण पुरं खरंही नाही, हे मला कळतं. मी तुम्हाला अमुक करा म्हणणार नाही."

काठावर भट्टीवाल्याच्या खुंट्या उभ्या होत्या. दोन वर्षं त्या नुसत्या उभ्या राहणार नव्हत्या.

"माझं नाव लिहिलं तर पुढे मापायला मी राहीन का?"

"नाही."

"मग कोण?"

"समिती ठरवेल. बहुधा अध्यक्ष."

जानकीबाईने भगवंताकडे बघितलं. तो कान टवकारून फीत गुंडाळत होता. "अरे देवा," ती म्हणाली. "आणा कागद. सही येते मला. अंगठा नाही लावणार."

तिने सही केली. खाली तारीख घालायची होती, त्यात एक शून्य आलं. तेही तिने गरगरीत काढलं.

दिवाळीआधी पैसा सुटला. खुंट्या उपटल्या गेल्या, त्यातल्या दोन भगवंताने शेळीला बांधायला नेल्या. कंपनीचं पत्र मारुतीच्या ओट्यावर त्यानेच वाचलं, हिंदीत, मोठ्याने. मापनकर्त्या जानकीबाईंच्या चुकीमुळे अडचण आली, ती आता दूर झाली आहे, वगैरे. "ऐका," लोक म्हणाले, "आम्ही काय सांगत होतो?" पत्र खरं होतं, कारण त्यावर तिचीच सही होती. वीरेंद्रची बदली बढतीवर झाली असं ऐकिवात आलं. भगवंताला काठी मिळाली आणि मापण्याचा भत्ताही.

"आत्याबाई," सुमंगला म्हणाली, "सही करायच्या आधी घरात विचारावं तरी."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

सुमंगलेने भाकरी उलटली. "मी काही म्हणत नाही."

त्यानंतर जानकीबाई दोन वर्षं जगली. हातपंपावर बादल्या दुप्पटच राहिल्या. पाइप वाकडाच राहिला. नावाडी तेवढा तिला होडीत घ्यायला लागला, पण बोलायचा नाही. खंडोजीकाकाचं आणि बापाचं सव्वीस वर्षं चाललं, मग आपलं दोन वर्षांत कसं मिटेल, असं ती म्हणायची, आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली धरायची.

काम तिचं कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून कुणाला काढूनही घेता येत नव्हतं. पाणी उतरलं की खुरपं घेऊन ती काठावर जायची. अकरा नालांच्या झाडांपाशी साचलेला गाळ सारायची, जुनी जमीन मोकळी करायची, म्हणजे खोड कुजायला नको आणि दसऱ्याला कुणा बाईला वाकायला नको. तिने मोकळं केलेल्या जागेत उभं राहून बायका सरळ कपाळ टेकवायच्या आणि सरळ घरी जायच्या. मग ती सगळी रांग हाताने शिवत मोजायची. शंभर झाले की कनवटीत एक खडा.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी ती अशीच काठावर गेली. त्याच आठवड्यात ती वारली, झोपेत, कुणाला काही त्रास न देता. पण त्या गुरुवारी त्याची काही चाहूल नव्हती. छातीत थोडं भरून आल्यासारखं होतं, ते तिने थंडीवर ढकललं. खुरप्याने तिने अकराही झाडांची आळी साफ केली. भगवंत त्या सकाळी सालाची मापं घ्यायला उतरला होता. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि बघितलं नाही. तो पुढे, ती मागे, मध्ये चार झाडांचं अंतर. थंडी होती, त्याला घरी जायची घाई होती. नालेच्या एका अर्जुनापाशी त्याने सवयीने काठी आळ्याबाहेरच्या गाळावर टेकवली आणि टोकाशी फीत लावली.

जानकीबाई पोचली. खुरप्याच्या मुठीने तिने नालेवर दोनदा ठोकलं. ठण. ठण.

भगवंत पचकन थुंकला. मग त्याने फीत सोडवली, खाली घेतली आणि नालेच्या रेघेत गुंडाळली.

जानकीबाईने झाडाला हात लावला, शंभर म्हटलं, कनवटीत खडा टाकला आणि पुढच्या झाडापाशी जाऊन पुन्हा एकपासून सुरुवात केली.